आस

एक पाय कठड्यावर, एक आत.
कमरेला दोर, दोराचं टोक बेडरूमच्या गजाला.
बालेवाडी, चौदावा मजला.
खाली पोहायचा तलाव, निळाशार,
त्यात कुणीच नाही.

वारा इथंही येतो, पण कोरडा.
ओठांवरून जीभ फिरवली तर
मीठ लागत नाही, सिमेंट लागतं.

मॅडम विचारतात, पक्की बसेल ना हो?
मागच्या माणसाची दिवाळीपर्यंतही टिकली नाही.
मी म्हणतो, माझी गाठ फयानमध्ये सुटली नाही,
कबुतरांचं काय घेऊन बसलात.
त्या हसतात. त्यांना फयान माहीत नसावं.

आमच्यात जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात.
बाबा बोटांनी मोजायचे.
पापलेटाच्या जाळ्याला चार बोटं, सैल,
त्याहून बारीक विणलं
की हातातली सुई काढून घ्यायचे.
पोरं जाऊ दे रे बाहेर,
पुढल्या साली तीच मोठी होऊन येतात.

यायची.

मग रात्रीचे दिवे आले.
हर्णैच्या बंदरातून बघितलं तर वाटायचं,
पल्याड कुठलं शहर वसलंय.
सकाळी आम्ही जायचो तेव्हा
तिथं नुसतं ढवळलेलं पाणी.
आमचा आस तीन बोटांवर आला,
आणि एका सालात दोनावर.
खोटं कशाला बोलू, तो मीच विणला.
बाबांना तेव्हा दिसत नव्हतं.
ओटीवर बसून त्यांनी जाळं चाचपलं,
एका भोकात दोन बोटं घातली,
तिसरं घालून बघितलं,
आणि जाळं बाजूला ठेवलं.
बोलले काहीच नाहीत.
रात्री जेवले नाहीत.

जून-जुलै बंदी, ती ठीक, ती पूर्वीही पाळायचो.
पण नारळ वाहिल्यावरही समुद्र उघडेना.
ऑगस्टात वादळ, सप्टेंबरात वादळ,
दिवाळीला बंदरात होड्या जशाच्या तशा.
आधी इंजिन गेलं, मग होडी.
मुरुडच्या एका हॉटेलवाल्यानं दारात ठेवलीय,
त्यात झेंडू लावलाय.
झेंडू चांगला येतो म्हणे.

दुपारी डबा उघडला की धाकोजीचा फोन.
काय रे आज?
जेलीफिश, म्हणतो. दोन टोपल्या जेलीफिश,
पाच ढोमी, आणि कुणाची तरी चप्पल.
डिझेल सुटलं?
तो उत्तर देत नाही.
फोनमध्ये पाणी वाजत राहतं.
मी कापायची घाई करत नाही,
माझ्या रिचार्जला त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

रविवारी चंद्रीनं वाकडच्या बाजारातून
पापलेट आणलं, सहा नग,
माझ्या तळहातात दोन मावतील एवढं.
साफ करायच्या आधी मी एक उचललं,
पाठीपासून पोटापर्यंत बोटं ठेवली.
दोन. जेमतेम दोन.
म्हटलं, हे बाबांच्या जाळ्यातून निघून गेलं असतं.
ती म्हणाली, सहा आहेत, पोरांना पुरतील,
आणि हळदीचा डबा पुढं ओढला.
थोड्या वेळानं, तव्याकडे बघत:
तो आस निराळा हो,
ती आस निराळी.

कडेची शेवटची दोरी ओढली.
आकाशाचे एकसारखे चौकोन झाले.
एक कबूतर आलं, जाळीला धरून बसलं,
मान वाकडी करून आत बघत राहिलं.
त्याची अंडी मी सकाळीच
कुंडीमागून काढून खाली नेली होती,
वॉचमनच्या केबिनमागं,
सावलीत.

मॅडमचा मुलगा भोकात बोटं घालतो.
काका, यातून काय जाऊ शकतं?
वारा, म्हटलं. ऊन.
अजून?
मी माझी बोटं घालून बघितली. दोन गेली.
तिसरं मी घातलं नाही.

लिफ्टमध्ये हात हुंगला.
नायलॉनचा वास तोच आहे.